आधी कॉपी, मग दुरुस्ती : संगणकाबद्दल वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी निवडलेल्या प्रश्नांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मूळ बिघाड लहान असतो, पण तो काढायच्या घाईत नुकसान मोठं होतं. म्हणून काय करावं याच्याआधी काय करू नये, हे बहुतेक उत्तरांत सांगितलं आहे. मेनूंची नावं विंडोज ११ मधली आहेत. जुन्या आवृत्तीत ती थोडी इकडेतिकडे सापडतील.

प्रश्न : डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कमधून अधूनमधून टिक-टिक आवाज येतो. फोटोंचं फोल्डर उघडायला कधी कधी दोन-दोन मिनिटं लागतात. चेक-डिस्क चालवून मग डीफ्रॅग करायचा सल्ला मिळाला आहे. करू का?

दोन्ही करू नका. आवाज आणि संथपणा एकत्र आले की डिस्क बहुधा जायच्या वाटेवर असते. अशी डिस्क किती वेळ चालेल याचा भरवसा नसतो, तेव्हा उरलेला वेळ फक्त डेटा बाहेर काढण्यात घालवायचा.

चेक-डिस्क ही विंडोजची तपासणी खराब सेक्टर (डिस्कवरचे डेटा साठवायचे छोटे तुकडे) शोधण्याच्या पर्यायासह चालवली की अख्खी डिस्क वाचते, आणि जो भाग वाचता येत नाही त्यावर पुन्हा पुन्हा घिरट्या घालते. शिवाय फाइलींच्या नोंदी दुरुस्त करताना ती डिस्कवर लिहिते. नोंद तुटलेली वाटली तर ती फाइल मूळ नावाने सापडेनाशी होऊ शकते. डीफ्रॅग तर हजारो फाइली एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवतं. धडधाकट डिस्कला हे झेपतं. पण हार्ड डिस्कचं वाचणारं-लिहिणारं हेड फिरत्या तबकडीपासून फक्त काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, आणि तुम्हाला येणारा टिक-टिक आवाज बहुधा त्याच हेडचा आहे. जागा सापडली नाही की ते मूळ ठिकाणी परत जातं आणि पुन्हा शोधायला निघतं.

आता करायचं काय? दुसरी डिस्क जोडा आणि जे पुन्हा मिळणार नाही ते आधी उचला : फोटो, स्वतः लिहिलेली कागदपत्रं, हिशेब, मेलचा साठा. सिनेमे आणि प्रोग्रॅम शेवटी, वेळ उरला तर. सगळं एकदम ओढून टाकू नका. एक फोल्डर, मग दुसरं. एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढे जा. विंडोज त्याच डिस्कवर असेल तर ते चालू राहून तिच्यावर सतत काहीतरी लिहीत राहतं. अशा वेळी पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) सुरू करून कॉपी केलेली बरी. फाइली वारंवार अडत असतील तर लिनक्समधला डीडी-रेस्क्यू हा प्रोग्रॅम त्यासाठीच आहे. तो सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो, अवघड भागाकडे नंतर वळतो आणि कुठवर काम झालं याची नोंद ठेवतो. त्यामुळे मध्येच थांबलं तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

डिस्क कॉम्प्युटरला दिसतच नसेल आणि फक्त टिक-टिक करत असेल, तर वीज बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहणं हीच तिथली सगळ्यात मोठी चूक. अशी डिस्क धूळविरहित कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्यांकडेच द्यायची. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला अजूनही फिरतो. तो ऐकू नका, तबकडीवर दव धरतं.

कॉपी हातात आल्यावर क्रिस्टल-डिस्क-इन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्कची प्रकृती पाहा. तीन ओळी महत्त्वाच्या : ०५, सी-५ आणि सी-६. पहिली बदली केलेले सेक्टर दाखवते, दुसरी संशयास्पद म्हणून थांबवून ठेवलेले, तिसरी वाचताच न आलेले. इथले आकडे आठवड्या-आठवड्याला वाढत असतील तर डिस्क बदला. हा प्रोग्रॅम आकडे मुळात सोळाच्या पायावर दाखवतो, त्यामुळे सेटिंगमध्ये जाऊन ते दशमान करून घ्या. सी-७ ही ओळ मात्र वेगळी. ती वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा साटा केबलचा, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या केबलचा असतो. केबल बदलल्यावर जुना आकडा शून्य होत नाही, तो पुढे वाढायचा थांबला का एवढंच पाहायचं.

प्रश्न : माझं सगळं क्लाउडमध्ये आपोआप जातं. तरी वेगळा बॅकअप लागतो का?

लागतो. क्लाउडचं फोल्डर हे सिंक असतं. सिंकचं काम सगळीकडे सारखं ठेवणं. कॉम्प्युटरवर फाइल चुकून पुसली की ती क्लाउडमधूनही जाते, बिघडली की बिघडलेलीच वर चढते. वन-ड्राइव्हचं घरगुती खातं आणि गूगल ड्राइव्ह दोन्हीकडे कचऱ्याच्या टोपलीत फाइल साधारण ३० दिवस राहते. मार्चमध्ये पुसलेलं फोल्डर जूनमध्ये आठवलं, तर ते तिथं नसतं. आणि खातंच बंद पडलं किंवा दुसऱ्याच्या हाती गेलं, तर आतलं सगळंच अडकतं.

जुना आणि अजूनही चोख नियम ३-२-१ असा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. कॉम्प्युटरवरची मूळ प्रत, एक्स्टर्नल डिस्कवरची एक आणि क्लाउडमधली एक एवढ्याने हा नियम पुरा होतो. मात्र एक्स्टर्नल डिस्क बॅकअप झाल्यावर काढून ठेवा. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरला (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमला) आणखी एका ड्राइव्हसारखीच दिसते आणि तोही कुलूपबंद होतो. शक्य असेल तर दोन डिस्क घेऊन आलटून पालटून वापरा.

नवी डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तो घेत नाही. लांबीचे व्हिडिओ त्यामुळेच 'फाइल फार मोठी आहे' म्हणत अडतात. एक्स-फॅट निवडा, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालेल.

आणि दर दोन-तीन महिन्यांनी बॅकअपमधल्या कुठल्याही पाच फाइली उघडून बघा. बॅकअप 'झाला' असा संदेश वर्षभर येत राहतो आणि गरजेच्या दिवशी फोल्डर रिकामं निघतं, असं खरोखर होतं.

प्रश्न : कॉम्प्युटर रोज सकाळी कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो आणि ब्राउझर प्रत्येक साइटवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतो. व्हायरस असेल का?

नाही. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. त्यावर सीआर-२०३२ असं छापलेलं असतं : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, ३ व्होल्ट. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचं काम त्याचं. तो संपला की तारीख मागे जाते. प्रत्येक साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं असतं, आणि ब्राउझर तुमच्या घड्याळाकडे पाहून ते अजून लागू झालेलंच नाही असं समजतो. हा इशारा डावलून पुढे जायची सवय मात्र लावून घेऊ नका. आज कारण घड्याळ आहे, उद्या ते खरंच बनावट साइट असू शकतं.

सेल बदलण्याआधी बायोसमधल्या (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅममधल्या) सेटिंगच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः साटाची (डिस्क जोडणीची) पद्धत आणि बूटचा क्रम (आधी कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो). मग कॉम्प्युटर बंद करून वायर काढा, चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि क्लिप अलगद बाजूला करा. नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून बसतो. मल्टिमीटर असेल तर जुना सेल मोजा; २.८ व्होल्टच्या खाली असेल तर निदान पक्कं.

जुना सेल चिकटपट्टीत गुंडाळून लगेच मुलांच्या हाताबाहेर ठेवा. हा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तसं झाल्याचा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय गाठायचं, वाट पाहायची नाही.

वेळ वर्षांनी नाही, तर बरोबर काही तासांनीच चुकत असेल तर सेल निर्दोष आहे. टाइम झोन तपासा. एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तरी असं होतं, कारण दोघं घड्याळ वेगळ्या रीतीने वाचतात.

प्रश्न : वडिलांच्या स्क्रीनवर अचानक लाल चौकट आली, जोरात भोंगा वाजू लागला, 'तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा' असा मजकूर आला. त्यांनी फोन केला आणि समोरच्याने सांगितलेलं सॉफ्टवेअरही टाकलं. आता काय?

ते घाबरले असतील. आधी त्यांना सांगा की चूक त्यांची नाही, ही चौकट घाबरवण्यासाठीच बनवलेली असते.

आत्ता लगेच वाय-फाय बंद करा किंवा केबल काढा. समोरच्याचा हात तिथंच तुटतो. नंतर दुसऱ्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून, या कॉम्प्युटरवरून नाही, मेलचा पासवर्ड बदला. मेलचा सर्वांत आधी, कारण बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलो' चे दुवे तिथंच येतात. 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' हा पर्याय वापरा. मेलच्या सेटिंगमध्ये कुणी अनोळखी पत्त्यावर फॉरवर्डिंग तर लावलेलं नाही ना, हे पाहा; ही जागा हमखास बघायची राहून जाते. मग बँकेला फोन, तोही कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर. इंटरनेटवर शोधून सापडलेला क्रमांक वापरू नका.

कॉम्प्युटरवर टाकलेलं दूर-नियंत्रणाचं सॉफ्टवेअर काढा. पण तो माणूस आत काही मिनिटांहून जास्त वेळ होता, तर तेवढ्यावर भागवू नका. त्यानं आणखी काय ठेवलं ते तुम्हाला दिसणार नाही. कागदपत्रं आणि फोटो कॉपी करून विंडोज नव्याने टाका. आणखी एक. काही दिवसांनी 'तुमचे पैसे परत करायचे आहेत' असा फोन येण्याची शक्यता बरीच असते. तो त्याच टोळीचा किंवा त्यांच्याकडून यादी घेतलेल्यांचा असतो.

पुढच्या वेळेसाठी : ती लाल चौकट म्हणजे फक्त एक वेबपेज असतं, पूर्ण पडदाभर पसरलेलं. एस्केपचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे ते आकसेल. नाही आकसलं तर ऑल्ट आणि एफ-४, तेही नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडून 'एंड टास्क' करा. ब्राउझर परत उघडताना 'आधीची पानं परत आणू का' याला नाही म्हणा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर कधीच नसतो, ही एक खूण वडिलांना कागदावर लिहून द्या.

उजव्या कोपऱ्यात 'व्हायरस सापडला' अशा छोट्या चौकटी येत राहत असतील, तर त्या बहुधा एखाद्या साइटच्या नोटिफिकेशन आहेत. कधीतरी 'अलाउ' दाबलं गेलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये साइटच्या परवानग्यांखाली नोटिफिकेशनची यादी असते. ओळखीची नावं सोडून बाकी सगळी काढून टाका.

प्रश्न : पेनड्राइव्हमधली सगळी फोल्डर शॉर्टकट झाली आहेत. क्लिक केलं की उघडतात मात्र बरोबर.

बरोबर उघडतात, यातच खरी मेख आहे. तो शॉर्टकट आधी लपवलेला प्रोग्रॅम चालवतो आणि मग फोल्डर उघडून देतो, म्हणजे संशय येत नाही. ज्या कॉम्प्युटरवर तो उघडला, तोही आता बाधित समजा.

तुमच्या फाइली बहुतेक वेळा जागेवरच असतात, फक्त लपवलेल्या. फाइल एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्ये व्ह्यू या टॅबवर लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय चालू करा आणि 'ऑपरेटिंग सिस्टिमच्या संरक्षित फाइली लपवा' या पुढची खूण काढा. मूळ फोल्डर फिकट दिसतील. काही वेळा सगळं एका बिननावाच्या फोल्डरात सारलेलं असतं. तिथून फक्त कागदपत्रं, फोटो, गाणी उचला. प्रोग्रॅम किंवा स्क्रिप्ट एकही नको. मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. कॉम्प्युटरवर विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, म्हणून साध्या स्कॅनपासून लपणारे प्रोग्रॅमही त्यात सापडतात. साधारण पंधरा मिनिटं लागतात.

हे झाल्यावर व्ह्यू, मग शो, मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून ठेवा. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट मुळात लपवतं, त्यामुळे 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल तुम्हाला नुसती 'बिल.पीडीएफ' दिसते. शॉर्टकटचं शेपूट मात्र या सेटिंगनंतरही दिसत नाही. तो ओळखायचा चिन्हाच्या डाव्या कोपऱ्यातल्या छोट्या बाणावरून.

प्रश्न : दोन अँटिव्हायरस टाकले तर संरक्षण दुप्पट होईल का?

नाही. दोघं एकच फाइल एकाच वेळी अडवतात, कॉम्प्युटर संथ होतो, आणि एकानं अलग ठेवलेली फाइल दुसऱ्याला संशयास्पद वाटते. दुसरा टाकला की विंडोजचा डिफेंडर बहुधा स्वतःहून बाजूला होतो, म्हणजे दुप्पट तसंही होत नाही. एकच ठेवा, अद्ययावत ठेवा. आणि क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर चालवण्यासाठी अँटिव्हायरस 'थोडा वेळ बंद करा' अशी सूचना आली, तर ते सॉफ्टवेअर तिथंच सोडून द्या.

प्रश्न : बायोस अपडेट केल्यावर निळा स्क्रीन येऊन ४८ आकडी 'की' (किल्ली) मागतो आहे. मी कुठलीच की लावली नव्हती.

तुम्ही नाही, विंडोजनं लावली. नव्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन-इन केलं की डिस्कचं एन्क्रिप्शन (की शिवाय न उघडणारं कुलूप, विंडोजमध्ये त्याचं नाव बिटलॉकर) आपोआप सुरू होतं आणि की त्या खात्यात जमा होते. बायोस, त्यातलं सिक्युअर बूटचं सेटिंग किंवा मदरबोर्ड बदलला की आतल्या टीपीएम या सुरक्षा चिपला हा तोच कॉम्प्युटर आहे याची खात्री वाटत नाही, म्हणून ती की मागते. दुसऱ्या फोनवरून मायक्रोसॉफ्ट खातं उघडा, त्यात आपल्या डिव्हाइसखाली बिटलॉकरच्या की दिसतील. निळ्या स्क्रीनवर की-आयडी दाखवलेला असतो. त्याची पहिली आठ अक्षरं जुळणारी ओळच तुमची. सहा-सहा आकड्यांचे आठ गट भरायचे. खाती दोन-तीन असतील तर प्रत्येकात पाहा. पहिल्यांदा लॅपटॉप सुरू करून देणाऱ्याच्या खात्यात की निघते, असंही होतं.

की मिळेपर्यंत बायोसमधलं 'टीपीएम क्लिअर' वापरू नका. आणि की खरोखरच कुठे नसेल तर ती डिस्क कुणालाही उघडता येत नाही, कितीही अनुभवी तंत्रज्ञ असला तरी. हे कटू आहे, पण त्यासाठीच ते कुलूप आहे. आत शिरल्यावर की छापून कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. पुढच्या बायोस अपडेटआधी कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकर 'सस्पेंड' करा.

प्रश्न : लॅपटॉपचा पंखा सतत गरगरतो, जड काम केलं की लॅपटॉप मंदावतो आणि कधी बंदच पडतो. स्वतः साफ करता येईल का? काय काय लागेल?

येईल, स्क्रू खोलायची भीती नसेल आणि वॉरंटी संपलेली असेल तर. आधी तापमान बघा. हार्डवेअर-इन्फोसारखा प्रोग्रॅम ते दाखवतो. रिकामा बसलेला लॅपटॉप ४० ते ५० अंशांत आणि जड कामात ८०-९० अंशांपर्यंत गेला तर चालतं. ९५ ते १०० च्या आसपास प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि त्याहीपुढे गेला तर जीव वाचवायला बंद होतो. मऊ गादीवर ठेवून वापरत असाल तर खालची हवेची तोंडं बुजतात. आधी तो टेबलावर ठेवून पाहा, कधी कधी एवढ्यानंच भागतं.

भागलं नाही तर धूळ. ती पंख्याच्या पात्यांवर नसते. पंखा आणि तांब्याच्या बारीक पट्ट्या यांच्यामध्ये घोंगडीच्या तुकड्यासारखा दाट थर साचतो. बाहेरून हवा मारली की हा थर फुटून पंख्यात जातो, म्हणून झाकण काढून आतूनच साफ करायचं.

लागेल ते : योग्य मापाचा स्क्रू-ड्रायव्हर, दाबलेल्या हवेचा डबा, मऊ ब्रश, ९० टक्के किंवा त्याहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता धातूकडे नेणारा लेप). आणि एक कोरा कागद. त्यावर लॅपटॉपच्या मागच्या बाजूची आकृती काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवत जा. स्क्रूची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागेत बसवला की वरच्या बाजूला फुगवटा येतो किंवा तो बोर्डातच घुसतो.

झाकण काढल्यावर पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर काढणं. त्याआधी दुसरं काहीही नाही. हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. वाऱ्यानं तो मोकळा गरगरला तर बेअरिंग खराब होतं आणि उलटी वीजही तयार होते. डबा उभा धरा, आडवा केला की आतला थंडगार द्रव बाहेर पडतो. व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

हीटसिंकच्या (चिपवर बसवलेल्या, उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट क्रम, आवळताना सुलट, आणि प्रत्येक वेळी थोडं थोडं. एकच कोपरा आधी पूर्ण आवळला तर चिपच्या कडा तुटू शकतात. जुनी पेस्ट अल्कोहोलनं पुसा. नवी लावताना डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर मधोमध वाटाण्याएवढा थेंब पुरतो, कारण वरच्या धातूच्या झाकणात उष्णता पसरते. लॅपटॉपमध्ये असं झाकण नसतं, चिप उघडी असते. तिथं पातळ थर, पण काठापर्यंत. एकही कोपरा उघडा राहायला नको.

शेजारच्या मेमरी चिपवर राखाडी रबरासारखे पॅड असतील. ते फाटले तर त्याच जाडीचे पॅड आणा, त्यांच्या जागी पेस्ट भरू नका, तिथली फट पेस्टनं भरत नाही. आणि जुन्या पेस्टऐवजी पाऱ्यासारखा चकाकता थेंब दिसला तर तिथंच थांबा. ते लिक्विड मेटल आहे, वीजवाहक. एक कण बोर्डावर सांडला तरी शॉर्ट होतो. ते काम जाणकाराकडे द्या.

प्रश्न : टचपॅड दाबला जात नाही आणि झाकण नीट बसत नाही. लॅपटॉप चालतो मात्र व्यवस्थित.

बॅटरी फुगली आहे. लगेच बंद करा, चार्जर काढा आणि परत लावू नका. टचपॅड दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, खाली बॅटरीच आहे. बॅटरी टोचली किंवा वाकली तर पेट घेऊ शकते. लॅपटॉप फरशीवर, कागद-कापडापासून दूर ठेवा आणि जाणकाराकडून बॅटरी काढून घ्या. ती घरच्या कचऱ्यात जात नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची.

नव्या बॅटरीसाठी : कायम चार्जरवर असलेला लॅपटॉप असेल तर उत्पादकाच्या प्रोग्रॅममध्ये किंवा बायोसमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. पूर्ण चार्ज आणि उष्णता या दोघांच्या जोडीनं लिथियम सेल लवकर म्हातारा होतो. महिनाभर वापर नसेल तर ५० टक्क्यांच्या आसपास चार्ज ठेवून बंद करून ठेवा.

प्रश्न : कीबोर्डवर चहा सांडला. तांदळात ठेवला आहे.

बाहेर काढा. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, उलट त्याची भुकटी पोर्टमध्ये जाते. सांडल्याक्षणी करायचं ते हे : चार्जर ओढा, चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, झाकण उघडून लॅपटॉप तंबूसारखा उलटा ठेवा, म्हणजे द्रव पडद्याकडे किंवा बोर्डाकडे न जाता बाहेर येईल. हेअर-ड्रायर नको, तो ओल आणखी आत ढकलतो.

नुसतं पाणी असतं तर ४८ तास वाळवून पाहता आलं असतं. चहातली साखर आणि दूध वाळल्यावरही बोर्डावर राहतात. बंद लॅपटॉपमध्येही बॅटरीमुळे काही मार्गांत वीज असते आणि तिथं गंज धरायला सुरुवात होते. म्हणून 'चालू होतो का बघू' असं न करता बॅटरी सोडवून बोर्ड अल्कोहोलनं धुऊन घ्या, आजच.

प्रश्न : लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात.

दोन पिनांच्या चार्जरमध्ये गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यातून अगदी थोडी वीज आवरणापर्यंत पोहोचते. अर्थिंग असलेला तीन पिनांचा चार्जर लावला की ते थांबतं. पण डेस्कटॉपच्या कॅबिनेटला जोराचा झटका बसत असेल, तर तो प्रकार वेगळा. वापर थांबवा आणि इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठलेली असते.

प्रश्न : दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावा का?

गळती झाल्याची खूण नसेल तर गरज नाही. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेनं २०१७ मध्येच ठरावीक मुदतीनं बदल करायची सक्ती नको, असं सांगितलं. कारण सक्ती केली की लोक शेवटचा आकडा एकानं वाढवतात. लांबी जास्त कामाची. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द आणि प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड. इतके लक्षात राहणार नाहीत, तेव्हा पासवर्ड मॅनेजर वापरा. साइन-इनची दुसरी पायरी, म्हणजे पासवर्डनंतरची खात्री, एसएमएसपेक्षा अ‍ॅपवर किंवा पास-की वर (फोन किंवा कॉम्प्युटरमध्ये साठवलेल्या डिजिटल किल्लीवर) ठेवा. ती चालू करताना मिळणारे रिकव्हरी कोड कागदावर लिहा. फोन हरवला की तेच उपयोगी पडतात.

प्रश्न : विंडोज १० व्यवस्थित चालतंय. बदलायलाच हवं का?

त्याचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे. दुरुस्त्या थांबल्यावरही कॉम्प्युटर चालत राहतो, पण सुरक्षेत नव्याने सापडलेली भोकं बुजत नाहीत. भोक उघडं राहिलं की काय होतं ते मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरनं दाखवलं. त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती, आणि ज्यांनी ती टाकली नव्हती त्यांची मशिनं कुलूपबंद झाली.

'विंडोज ११ चालणार नाही' असा संदेश येत असेल तर हार मानण्याआधी बायोसमध्ये टीपीएम बंद तर नाही ना, ते पाहा. इंटेलच्या बोर्डांवर ते पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डांवर एफ-टीपीएम या नावानं असतं. प्रोसेसरच जुना असेल तर त्या मशिनवर लिनक्स उत्तम चालतं.

प्रश्न : जुना कॉम्प्युटर कुणाला तरी द्यायचा आहे. फॉरमॅट केला की झालं ना?

क्विक फॉरमॅट फक्त अनुक्रमणिका पुसतो. हार्ड डिस्कवरचा मजकूर तसाच राहतो आणि मोफत प्रोग्रॅमनंही परत मिळतो. बॅकअप तपासून झाल्यावर सेटिंग्जमध्ये 'रीसेट धिस पीसी', मग 'रिमूव्ह एव्हरीथिंग', आणि पुढच्या पानावर 'क्लीन डेटा' हा पर्याय चालू करा. तो मुळात बंद असतो. हार्ड डिस्कला काही तास लागतील, लागू द्या. एसएसडीसाठी (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कसाठी) उत्पादकाच्या प्रोग्रॅममधला किंवा बायोसमधला 'सिक्युअर इरेज' अधिक भरवशाचा. एसएसडी लिखाण स्वतःच्या सोयीनं वेगवेगळ्या जागी वाटते, त्यामुळे वरून वरून लिहिलेलं सगळीकडे पोहोचत नाही. डिस्क बंद पडलेली असेल आणि पुसताच येत नसेल तर ती काढून स्वतःकडे ठेवा, बाकीचा कॉम्प्युटर द्या.

त्याआधी ब्राउझर आणि ऑफिससारख्या प्रोग्रॅममधून साइन आउट करा, खात्याच्या डिव्हाइस यादीतून हा कॉम्प्युटर काढून टाका. आणि मशीन हाती देण्यापूर्वी मेमरी कार्डाची खाच आणि डीव्हीडीचा ट्रे उघडून बघा.